एकादशीची बरणी

माझ्या प्रबंधात दोन नंबरच्या लाइनवर जे प्रकरण आहे, ते खोटं आहे. आकडे खरे आहेत, फोटो खरे आहेत, काचपट्टीवर रंगवलेली गुणसूत्रंही खरी आहेत. फक्त त्या माश्या जिथून आल्या असं मी लिहिलं, तिथून त्या आल्या नव्हत्या. हे ज्यांच्यापुढे कबूल करायला हवं होतं ती दोन्ही माणसं आता नाहीत, म्हणून आता लिहायला बसले आहे. हा भित्रेपणा आहे हे मला कळतं.

ऐंशी सालच्या सुमारास आम्ही वाशीला राहायला आलो. आम्ही म्हणजे आई आणि मी. फ्लॅट बाबांनी नोंदवला होता आणि किल्ली हातात यायच्या आतच ते गेले. सोळा फ्लॅटांची बिल्डिंग, त्यात राहायला आलेली बिऱ्हाडं तीन. उरलेल्या तेरा फ्लॅटांची दारं खाडीच्या वाऱ्यानं दिवसभर आतल्या आत आपटायची. सुरुवातीला आपटलं की आई "कोण आहे?" म्हणून विचारायची. पुढे विचारणं तिनं सोडलं. रस्त्याच्या पलीकडे घरं नव्हतीच, नुसती तिवरं आणि चिखल. दिवेलागणीला तिथून कोल्हे ओरडायचे. मी सकाळी सातच्या बसनं पूल ओलांडून मुंबईला लॅबमध्ये जायची, ती रात्रीच परत. तेवढा वेळ आई एकटी असायची, आणि त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, कारण मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार महत्त्वाचं समजत होते.

बाबा गेले त्या वर्षापासून आई एकादशी करू लागली. महिन्यातून दोन. नुसता उपास असता तर ठीक होतं. पण त्या दिवशी आपल्या हातून जीव जायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. साखरेच्या डब्याला लागलेल्या मुंग्या ती फुंकरीनं बाजूला करायची आणि डास अंगावर बसला तर त्याला पोटभर पिऊ द्यायची. मी तिची थट्टा करायची. "आई, तुझ्या डासांना कळतं का गं आज एकादशी आहे ते?" ती म्हणायची, "मला कळतं ना."

माझं काम चिलटांवर होतं. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ती बारीक चिलटं, फळमाश्या. आमच्याकडे त्यांचे दोन वंश होते. एक आपल्या सह्याद्रीतला आणि कोकणपट्टीतला, दुसरा पार पूर्वेकडच्या देशांतला. दिसायला दोन्ही सारखेच, शेजारी शेजारी ठेवले तर मलाही पटकन सांगता यायचं नाही. पण आत फरक होता. आपल्याकडच्या माशीच्या पेशीत गुणसूत्रांच्या चार जोड्या, म्हणजे आठ धागे. पूर्वेकडच्या माशीत तीन जोड्या, सहा धागे. हरवलं काही नव्हतं. नर-मादी ठरवणारी जी जोडी असते, तिला दुसरी एक जोडी कायमची चिकटून गेली होती, दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली करावी तशी. या दोघांचा संकर होतो आणि पिल्लं जगतातही. पहिल्या पिढीच्या पेशीत सात धागे दिसतात, चार इकडचे आणि तीन तिकडचे. माझे मार्गदर्शक होते त्या सरांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. या पिल्लांना आपापसात वाढू दिलं, पिढ्यान् पिढ्या, तर शेवटी काय होईल? ती आठावर परत जातील, सहावर जातील, की तिसरंच काही होऊन बसेल?

याचं उत्तर म्हणजे माझी पीएचडी. अडीच वर्षं मी तीन संकरित लाइन्स, म्हणजे एकमेकांत न मिसळता वाढणारी तीन कुळं, दुधाच्या बाटल्यांत वाढवल्या. साधारण महिन्याला एक पिढी. खाद्य म्हणजे रवा, गूळ, घट्टपणासाठी अगर-अगर आणि वर यीस्टची चिमूट. शिऱ्याचाच वास, फक्त जरा आंबूस. लॅबचा कूलर कधी दगा देईल सांगता येत नाही म्हणून दोन नंबरच्या लाइनचा आणि दोन्ही मूळ वंशांचा एकेक संच मी घरी ठेवावा असं सरांचं सांगणं होतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, उत्तरेकडची मोरी थंडगार. माठाच्या शेजारी ओल्या फडक्यात बाटल्या मजेत राहायच्या. खाद्य आई शिजवून द्यायची. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला होता, तिच्या खाद्याला कधी बुरशी धरली नाही.

नवी पिढी नव्या बाटलीत गेली की जुनी बाटली मारायची असते. ठेवली तर सगळा गोंधळ होतो. हे काम मी आईवर टाकलं होतं. साबणाचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं, तासाभरानं मोरीत रिकामं करायचं. वहीत मी त्या बाटलीपुढे 'नष्ट' असं लिहायची. मी पंचांग बघून बाटल्या बदलत नव्हते. कुठल्या दिवशी कुठली बाटली तिच्या हातात दिली, हे माझ्या डोक्यातही नसायचं.

काही गोष्टी तेव्हाच दिसायला हव्या होत्या. रवा लवकर संपायचा. घरात बाटल्या चार आणि शिऱ्याचा वास मात्र चाळीस बाटल्यांचा. एकदा रविवारी जवळच्या करावे गावची एक बाई नेहमीसारखी अळू आणि केळी घेऊन दारात आली. मी पेपर वाचत होते. आत डोकावून ती आईला म्हणाली, "वयनी, तुमचे घरान आजून कोन हाय? दुपारचं बोलनं आयकू येतं."

"कोणी नाही गं. मीच बडबडते," आई म्हणाली.

"तसं नाय. कोनी आयकनारा आसला ना, का मानूस येगला बोलतो," ती बाई म्हणाली आणि केळी मोजायला लागली. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मनात म्हटलं, या दोघींना दुसरा उद्योग नाही.

तिसऱ्या वर्षी थंडी संपता संपता मला त्या घरच्या संचाचा कंटाळा आला. बसमधून बाटल्या सांभाळत न्यायच्या, लोक विचारणार हे काय, एकदा एक बाटली फुटून अख्ख्या बसभर चिलटं झाली होती. मी संच बंद केला. सगळ्या बाटल्या आईपुढे ठेवल्या, "संपव" म्हटलं, वहीत 'नष्ट' लिहिलं. सरांना सांगितलं नाही.

मे महिन्यात, एका शनिवारी, लॅबचा कूलर बंद पडला. सोमवारी आम्ही दार उघडलं तेव्हा आतून तापलेल्या गुळाचा वास अंगावर आला. साठ बाटल्या. तळाचं खाद्य पातळ झालेलं, त्यात अळ्या पांढऱ्या पडून तरंगत होत्या, माश्या काचेला चिकटून वाळल्या होत्या. मी एकेक बाटली उचलून बघत सुटले. सर मात्र शांत होते. रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. तुझ्या घरी दोन नंबर आहे ना?"

मी म्हटलं, "आहे, सर."

माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मला स्वतःचीच भीती वाटली. रजिस्ट्रेशन संपायला आठ महिने उरले होते. नव्यानं सुरू करून अडीच वर्षांच्या पिढ्या आठ महिन्यांत होत नाहीत. बसमध्ये खिडकीशी बसून मी पुलाखालचं काळं पाणी बघत होते आणि एकच हिशेब पुन्हापुन्हा करत होते, की उद्या सरांना काय सांगायचं.

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा दोन तास आधी घरी आले. सूर्य मावळला होता, घरात दिवा नव्हता. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तर स्वयंपाकघरातून आईचा आवाज. कोणालातरी हलक्या आवाजात समजावत होती, "चला, चला. हळूहळू. सगळ्यांनी या. मागे राहू नका कोणी."

मी दारातच थबकले. आई जमिनीवर बसली होती. तिच्यापुढे लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या आडव्या, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या, मधल्या फटीवर जुन्या पातळाची पट्टी गुंडाळलेली. पलीकडच्या बरणीच्या टोकाशी तिनं निरांजन धरलं होतं. अलीकडची बरणी काळी दिसत होती, आणि तो काळेपणा हलत होता. निरांजनाच्या बाजूला, काचेच्या आतून, तो सरकत पलीकडच्या बरणीत जात होता. तिनं हात जरा डावीकडे नेला तर सगळे डावीकडे गेले. उजवीकडे नेला तर उजवीकडे. आवाज काही नाही. शेकडो जीव तिच्या हाताकडे बघताहेत असं वाटत होतं.

माश्या उजेडाकडे जातात हे मी तीन वर्षं पुस्तकात वाचत होते. बरणी बदलायला त्याचा असा उपयोग करायचा, हे मला सुचलं नव्हतं.

"या कुठल्या?" मी विचारलं.

आई दचकली नाही. निरांजन हलू न देता म्हणाली, "एकादशीच्या."

एकादशीला हातात आलेली बाटली तिनं कधीच मारली नव्हती. आधी एक बरणी केली, मग नव्या खाद्यासाठी दुसरी. पुढच्या एकादशीला आणखी बाटली आली की त्यांतच सोडायची. लाइनमधल्या, सह्याद्रीच्या, पूर्वेच्या, जे येईल ते. शेवटी मी संपवायला दिलेला आख्खा संचही. दिवसभर बरणी माठामागे ओल्या फडक्याखाली असायची. मी ज्यांच्यापुढे 'नष्ट' लिहिलं होतं ते सगळे अडीच वर्षं माझ्यापासून चार हातांवर जगत होते, वाढत होते, आणि आई दुपारी त्यांच्याशी बोलत होती.

मला आनंद झाला नाही. तिथल्या तिथे राग आला. "तुला काही कळतं का? ही सगळी भेसळ झाली!" मी ओरडले. बरणीच्या तोंडावर आईनं कापड बांधलं, दोऱ्याची गाठ मारली आणि मग दिवा लावायला उठली.

दुसऱ्या दिवशी निव्वळ कुतूहलापोटी त्या बरणीतल्या काही अळ्या मी लॅबमध्ये नेल्या. अळीचं नर-मादीपण कातडीतून ओळखता येतं, नराच्या अंगात मागच्या बाजूला दोन पारदर्शक ठिपके दिसतात. एकेका अळीचा मेंदू काढायचा, रंगात बुडवायचा, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबायचा आणि धागे मोजायचे. पहिला नर होता, सात. दुसरा नर, सात. मग मादी, सहा. मला वाटलं मोजायला चुकले. पुन्हा मादी, सहा. चार दिवसांत मी शंभराच्या वर काचपट्ट्या बघितल्या. नर सगळे सातचे, माद्या सगळ्या सहाच्या. एकही अपवाद नाही. एकाच आईच्या पोटची भावंडं, भावाचे सात, बहिणीचे सहा, आणि त्यांची पिल्लं वाढवून बघितली तर पुन्हा तेच. मुलांनी पूर्वेकडून चिकटलेला धागा घेतला होता, आणि त्याच्यासमोर सह्याद्रीच्या बापाचे सुट्टे दोन धागे जसेच्या तसे ठेवले होते. मुलींनी सह्याद्रीचा सुट्टा धागा पार टाकून दिला होता. माठामागच्या अंधारात, कोणी निवड केलेली नसताना, त्यांचं आपसांत काहीतरी ठरून गेलं होतं. दोन्ही मूळ वंशांत असं कुठेच नव्हतं. मी भिंगाला डोळा लावून बसले होते आणि मला वाटत होतं, तिकडूनही कोणीतरी मोजतंय.

याचसाठी अडीच वर्षं घालवली होती. आणि ते माझ्या वहीत बसत नव्हतं. त्या बरणीत कोण, कधी, किती गेले याची नोंद नव्हती. केळ्यावरचं कुठलंही चिलट कापडाच्या फटीतून आत गेलं असेल, कारण सह्याद्रीचा वंश वाशीतही होताच. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, आईबाप कोण?

मग मी ते केलं. बरणीतल्या निम्म्या माश्या बारा स्वच्छ बाटल्यांत भरल्या. लेबलं लिहिली: लाइन दोन, पिढी अठ्ठाविसावी. जुनी दिसावीत म्हणून लेबलांना चहाचा हात लावला. सरांना काचपट्ट्या दाखवल्या तेव्हा ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मला म्हणाले, "अगं, हा तर जन्म झाला. नवीन वंशाचा जन्म बघतोय आपण." त्यांचे डोळे भरून आले होते. मी काचपट्ट्या पेटीत परत लावायला घेतल्या.

काही महिन्यांनी प्रबंध लिहून झाला, तेव्हा सही करण्याआधी घरची सोय बघायला येतो, असं ते म्हणाले. परीक्षकांनी विचारलं तर छातीठोक सांगता यायला हवं. गुरुवारी. मी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गुरुवारी एकादशी होती. सरांना शुक्रवार चालला असता. मी विचारलं नाही, कारण विचारताना कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर, घाई मलाच होती.

"आई, गुरुवारी सर जेवायला येणारेत. त्याआधी ती बरणी जायला हवी."

"जायला म्हणजे?"

"तुला माहितेय. लेबल नसलेली बरणी घरात दिसली तर सगळ्याच बाटल्यांवर संशय येईल. माझं सगळं संपेल, आई."

आईनं थोडा विचार केला. "शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ठेवू? किल्ली आहे आपल्याकडे."

"नको. ते सगळीकडे हुंगत फिरतील."

"मग खाडीशी सोडून येते. तिवरांत राहतील बापडी."

"असं सोडायचं नसतं. बाहेरच्यांत मिसळतात. नियम आहे."

नियम खरोखरच आहे. इतक्या खोट्यात मी तेवढं एक खरं बोलले, आणि तिची शेवटची वाट बंद केली. तिनं कॅलेंडरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला कळलं की तिला कळलंय. "बरं," ती म्हणाली.

बरणी मी स्वतः संपवू शकले असते. बुधवारी संध्याकाळी, दोन मिनिटांत. मी स्वतःला सांगितलं, काम बरंच पडलंय. गुरुवारी सकाळी सरांना आणायला म्हणून मी बसस्टॉपवर गेले, त्यांच्या वेळेच्या तासभर आधी. तिथे नुसती उभी राहिले. समोरच्या रिकाम्या इमारतींच्या खिडक्यांना तेव्हा काचाही बसल्या नव्हत्या.

सरांना घेऊन आत आले तर घर स्वच्छ, उदबत्तीचा वास. ओट्यावर दुमडलेल्या फडक्यावर दोन्ही बरण्या पालथ्या घातल्या होत्या, काचेवरून पाणी निथळत होतं. सरांनी मोरी बघितली, माठ बघितला, बाटल्या एकेक करून उजेडाकडे धरल्या, लेबलं वाचली. "वा," म्हणाले. "आमच्या लॅबला लाजवलं तुम्ही." जेवताना त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला आणि आईला विचारलं, "वहिनी, हिच्या या माश्यांचा तुम्हाला त्रास नाही ना होत?"

"आता नाही," आई म्हणाली.

त्यांनी आमच्याच टेबलावर सही केली. मी त्यांना बसमध्ये बसवून परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, पुढ्यात ताट, ताटात उरलेला वरणभात. ती सावकाश एकेक घास खात होती. पाच वर्षांत मी तिला एकादशीला शेंगदाण्याच्या आमटीखेरीज काही खाताना बघितलं नव्हतं.

"आई, आज एकादशी आहे," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"सकाळीच मोडली," ती म्हणाली. "बस. तूपण जेवली नाहीस नीट."

मी तिच्यासमोर बसले आणि जेवले. त्यानंतर तिनं एकादशी कधी केली नाही. दुपारचं बोलणंही थांबलं. दिवेलागणीला मात्र ती निरांजन लावायची आणि लगेच देवापुढे ठेवायची नाही. क्षणभर हात जरा डावीकडे न्यायची, जरा उजवीकडे, आणि रिकाम्या ओट्याकडे बघत थांबायची. ती गेली त्या वर्षापर्यंत हे मी रोज बघितलं.

पुढे इतर ठिकाणी, काटेकोर नोंदी ठेवून, लोकांनी हेच दोन वंश एकत्र वाढवले आणि त्यांनाही अशाच नव्या जुळण्या मिळाल्या. म्हणजे बरणी खरं बोलत होती. खोटं फक्त मी बोलले होते. प्रबंधाच्या सुरुवातीला मी ज्यांचे आभार मानले ती यादी दीड पानांची आहे. त्यात टायपिस्ट आहे, कूलर दुरुस्त करणारा आहे. आई नाही, कारण तिचं नाव घातलं असतं तर कशासाठी ते लिहावं लागलं असतं.

माझा देवावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण ती गेल्यापासून एकादशी मी करते, महिन्यातल्या दोन्ही. वाशी आता ओळखू येत नाही, तिवरांच्या जागी टॉवर आहेत, पण ओट्यावर केळी पिकली की चिलटं येतातच. त्या दिवशी मी त्यांना हात लावत नाही. दिवा लावते, आणि ती माझ्या हाताकडे वळतात का ते बघते.